सरकारी दवाखान्यातली गर्दी आणि संप : राग नेमका काढायचा कुणावर?

गोदाकाठचा_गडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आजवर इथं नुसता वाचत आलो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

२०२५ च्या जुलैत वडिलांच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. मराठवाड्यातलं मोठं सरकारी रुग्णालय आहे. नाव लिहीत नाही, कुठल्याही जिल्ह्यात गेलात तरी गोष्ट हीच ऐकायला मिळेल. आदल्या दिवशी भरती झालो, रक्त-लघवी झाली, फिटनेस मिळाला आणि सकाळी कळलं की सिस्टर लोकांचा बेमुदत संप सुरू झालाय. इमर्जन्सी तेवढ्या घेणार, बाकीच्यांनी घरी जा. संप मिटल्यावर परत गेलो तर नंबर पुन्हा पहिल्यापासून, तपासण्या जुन्या झाल्या म्हणून त्याही पुन्हा, आणि खाट नाही. वडील लिफ्टजवळच्या बोळात गादीवर. स्ट्रेचर आलं की गादी ओढून भिंतीला लावायची, गेलं की परत सरळ करायची.

त्या रात्री शेजारच्या पेशंटच्या भावाने एका सिस्टरवर हात उगारला. सलाईन संपून नळीत रक्त उलटं आलं होतं आणि कितीदा हाक मारली तरी कुणी येईना, असं त्याचं म्हणणं. हात उगारणं चूकच. पण त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, खरंच सांगता येत नाही.

तर प्रश्न दोन. दवाखान्यातल्या माणसांना संपाचा हक्क असावा का? आणि असो वा नसो, आपल्यासारख्यांनी जाब विचारायचा कुणाला? सिस्टरला, डीनला, आमदाराला की थेट मंत्रालयात? पक्षांची धुणी इथं धुऊ नका ही विनंती.

टपरीवरचा_चहा

रुमाल टाकून ठेवतो. आणि धुणी धुऊ नका म्हणालात म्हणजे दहाव्या प्रतिसादाला साबण निघणारच.

खडूस_काका

सरळ उत्तर : नसावा. पोलीस संप करतात का? लष्कर करतं का? दवाखाना ही अत्यावश्यक सेवा आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर सगळे कर्मचारी बाहेर बसले, त्यात नर्सेसही होत्या. त्याच दिवसांत विधिमंडळाने मेस्मा (अत्यावश्यक सेवांमधला संप रोखणारा कायदा) नव्याने मंजूर केला. मग तो वापरत का नाही? पगार वेळेवर, सुट्ट्या भरपूर, नोकरी पक्की, आणि वर पेशंटला वेठीला धरायचं. खासगीतल्या नर्सला निम्मा पगार असतो, ती कधी आझाद मैदानावर दिसली का?

डिंकाचा_लाडू

काका, खासगीतल्या नर्सला निम्मा पगार असतो हे तुम्हीच सांगताय. ती मैदानावर दिसत नाही, कारण दुसऱ्या दिवशी नोकरी नसते. हे उदाहरण नक्की कुणाच्या बाजूचं आहे?

रात्रपाळी

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आयडीवरून ओळखलं असेलच. हा धागा दुपारपासून तीनदा बंद केला आणि उघडला, आता लिहितेच.

गोदाकाठचे दादा, तुमच्या वडिलांची तारीख गेली याचं वाईट वाटलं. आता त्या नळीत रक्त आलेल्या सलाईनबद्दल. मेडिसिनच्या वॉर्डात मंजूर खाटा साठ असतात. रात्री दहाला मी हँडओव्हर घेते तेव्हा पेशंट नव्वदच्या पुढे असतात. खाटांचे नंबर संपले की आम्ही 'चौदा खाली', 'पंधरा खाली' असं लिहितो, म्हणजे चौदा आणि पंधरा नंबरच्या खाटेखालची गादी. नव्वदला आम्ही दोघी. एक जण इमर्जन्सी ट्रॉलीजवळ अडकली की उरते एक. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगते, शिकवणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचामागे एक. आता भागाकार तुम्हीच करा.

सकाळी सहाची इंजेक्शनं मी पहाटे साडेचारला भरायला घेते, तेव्हा कुठं शेवटच्या पेशंटला ती साडेसात-आठला मिळतात. बीपीचं यंत्र एक चालू, एक 'दुरुस्तीला'. वॉर्डबॉय रात्री दोन वॉर्डांत मिळून एक, तोही कंत्राटी, त्याचा पगार तीन-तीन महिने अडकलेला. त्यामुळे पेशंटला एक्स-रेला कोण नेतं? त्याचा भाऊ. जो आधीच चिडलेला असतो तोच.

जुलैचा संप नुसत्या पगारवाढीसाठी नव्हता काका. वेतनत्रुटी होत्याच. पण मोठी मागणी होती ती कंत्राटी भरती थांबवा, कायम जागा भरा. २०२२ लाही आम्ही याच खासगीकरणाविरुद्ध बसलो होतो. जागा रिकामी ठेवणं हासुद्धा संपच आहे, फक्त तो सरकारने केलेला आणि वर्षभर चालणारा. त्याला नोटीस लागत नाही की मेस्मा लागत नाही.

खडूस_काका

शब्दांचे खेळ छान आहेत ताई. पण ज्याचं ऑपरेशन पुढे गेलं त्याच्या पोटात तुमच्या मागणीपत्राने फरक पडला का? संप मिटला तेव्हा सगळ्या रिकाम्या जागा भरल्या का? नाही ना? मग मिळालं काय? आश्वासन. म्हणजे पेशंटचे हाल फुकट गेले.

रात्रपाळी

हे मात्र खरं बोललात. आश्वासन मिळालं.

वाचनमात्र_वैशाली

+१ रात्रपाळी. 'चौदा खाली' वाचून पोटात तुटलं. माझी आजी अशीच होती, तिच्या डोक्यावर खाटेवरच्या बाईच्या लघवीची पिशवी लटकत होती.

उपाशी_रेसिडेंट

कॅज्युअल्टीतून लिहितोय, शुद्धलेखनाची माफी.

काकांचा प्रश्न योग्य आहे, मिळतं काय? आमच्या मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, मागणीपत्रांची फाईल बघितलीत तर हसाल. जानेवारी २०२३ च्या संपात वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदं, वसतिगृहं, थकलेले पैसे. दोन दिवसांत मिटला, आश्वासन. फेब्रुवारी २०२४ : वसतिगृहं, विद्यावेतन. आश्वासन. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून खून झाला, त्यानंतर देशभर बंद झाला. तेव्हा आम्ही काय मागितलं? रात्री वॉर्डात सुरक्षारक्षक, दिवे, डॉक्टरांसाठी कडी लागणारी खोली. कडी! डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. माझ्या सीनियरला मार पडला तेव्हा पोलीस ठाण्यातल्या हवालदारालाच त्या कायद्याचं नाव सांगावं लागलं.

आणि संप म्हणजे सगळे घरी झोपतात असं समजू नका. इमर्जन्सी, आयसीयू, लेबर रूम चालू असतं. बंद होते ती ओपीडी आणि ठरलेली ऑपरेशनं. ती प्राध्यापक मंडळी रेटतात आणि चार दिवसांत त्यांना आठवतं की आपण शेवटचं सलाईन कधी लावलं होतं. 😄

मुद्दा असा की संपाशिवाय आमचं पत्र उघडलंच जात नाही. उघडलं की लगेच 'रुग्णांना वेठीला धरू नका'. मग कधी सांगायचं ते तरी सांगा.

टपरीवरचा_चहा

अवांतर : डॉक्टर, जेवलात का?

उपाशी_रेसिडेंट

आयडी बघा.

संत्रानगरी_एक्सप्रेस

बाप्पा, गर्दी गर्दी करून राहिले सगळे, पण ती येते कुठून हे कोणी बोलून नाही राहिलं. नागपूरच्या मेडिकलसमोर रात्री अकरा वाजता उभं राहून पाहा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, पलीकडून छिंदवाडा आणि बालाघाट. सगळ्या ॲम्ब्युलन्स इथंच.

माझ्या मेव्हणीची गोष्ट सांगतो, तालुका सांगत नाही. गावापासून जवळ ग्रामीण रुग्णालय, ३० खाटांचं. इमारत नवी, ऑपरेशन थिएटर आहे, वर एसी. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमही आहेत. बाळ आडवं, सिझर करावं लागणार. पण भूलतज्ज्ञ नाही! पद मंजूर आहे, माणूस नाही. आठवड्यात एक दिवस बाहेरून येतात, तो दिवस कालच होऊन गेला. रक्तसाठाही नाही. मग काय, रेफर. १०८ आली, उपजिल्हा रुग्णालयात नेलं. तिथं भूलतज्ज्ञ आहेत पण रजेवर. पुन्हा रेफर. सिव्हिलला पोचलो तर लेबर रूममध्ये एका टेबलावर दोघी. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण त्या सिव्हिलच्या सिस्टरवर आमच्या माणसांनी जो आवाज चढवला त्यात तिचा काय दोष होता? तीन ठिकाणचं ओझं तिच्या टेबलावर येऊन पडलं होतं.

थिएटर बांधायला पैसे असतात, कारण बांधकामाला ठेकेदार असतो आणि फीत कापता येते. भूलतज्ज्ञाची फीत कोणी कापत नाही.

निवृत्त_भांडारपाल

धागा दोन दिवस वाचतोय. माझी सगळी नोकरी औषधभांडारात गेली, तेव्हा त्या बाजूचं थोडं सांगतो. जरा लांबेल.

पहिली गोष्ट. आपण 'सरकारी दवाखाना' म्हणतो तेव्हा तो एक नसतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण, उपजिल्हा रुग्णालय आणि सिव्हिल सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं, म्हणजे नांदेड, घाटी, ससून, जेजे, ही वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. केईएम, सायन, नायर मुंबई महापालिकेकडे. मंत्री वेगळे, सचिव वेगळे, बजेट वेगळं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. चांगला निर्णय. पण मेडिकल कॉलेजं आणि पालिकेची रुग्णालयं त्यात नव्हती. आता सिव्हिलला एक पैसा न देता आलेला माणूस रेफर होऊन मेडिकल कॉलेजात येतो, खिडकीवर सोनोग्राफीचे पैसे मागतात. तो म्हणतो, टीव्हीवर तर मोफत सांगितलं, तुम्ही खाताय. खिडकीतल्या कारकुनाची कॉलर धरलेली मी स्वतः सोडवलेली आहे. दोघंही खरं बोलत होते!

दुसरी गोष्ट औषधांची. 'बाहेरून आणा' ही चिठ्ठी डॉक्टर हौसेने लिहीत नाही (कमिशनवाले असतात, नाही असं नाही, पण ते वेगळं). वॉर्डाचा इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, माझ्याकडे यायचा. मी ई-औषधीवर (साठ्याची ऑनलाइन नोंद) बघायचो : शून्य. का शून्य? मागणी वर्षभर आधी गेलेली. २०१७ नंतर मोठी खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली. तिथं निविदा अडकायच्या, एखाद्या औषधाला कुणी बोलीच लावायचा नाही, कारण आधीची बिलं थकलेली. पुरवठादार फोनवर स्पष्ट सांगायचा, साहेब, जुनं द्या मग नवं पाठवतो. २०२३ ला हाफकिनकडून काढून वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण करायचा कायदा झाला. मधल्या काळात काय? स्थानिक खरेदी. त्याला समिती, तीन दरपत्रकं, सह्या. सही करणारा घाबरतो, उद्या ऑडिटने दर जास्त म्हटलं तर वसुली त्याच्याकडून. म्हणून फाईल 'चर्चा करा' असा शेरा घेऊन परत यायची. आणि निधी बीडीएसवर (सरकारी निधी वाटपाची संगणक प्रणाली) दिसायचा कधी? मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. मग जे मिळेल ते घ्यायचं. आम्हाला पाहिजे असायचं ॲंटी-रेबीज, यायचं खोकल्याचं औषध. ते ठेवायला जागा नसायची म्हणून जिन्याखाली रचायचो, आणि मुदत संपली की बातमी यायची, 'लाखोंची औषधं धूळ खात'.

तेव्हा गोदाकाठचे दादा, जाब कुणाला? ज्याच्याकडे पैसे सोडायचा आणि जागा भरायचा अधिकार आहे त्याला. तो वॉर्डात नसतो. तुम्हाला जो कुणी दिसतो त्याच्याकडे सहसा काहीच अधिकार नसतो.

डिंकाचा_लाडू

काका (भांडारवाले, खडूस नाही), हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका प्लीज.

सदाशिवपेठी_शंका

सगळं मान्य, पण 'व्यवस्था दोषी' म्हटलं की कुणीच दोषी राहत नाही. दुपारी दोननंतर खासगी क्लिनिक चालवणारे सरकारी प्राध्यापक आम्ही बघितले नाहीत का? प्राथमिक केंद्राच्या क्वार्टरला कुलूप आणि डॉक्टर तालुक्याला, हे कुठल्या रिक्त पदामुळे? सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांनी एक वर्ष बंधपत्राची सेवा करायची, नाहीतर १० लाख भरायचे. कितीतरी जण दोन्ही टाळायच्या वाटा शोधतात. रिकाम्या खुर्च्यांबद्दल बोलताना हेही बोला.

उपाशी_रेसिडेंट

बोलतो. पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य, आम्हीच भोगतो ते. राउंडला सर नसतात, तर निर्णय पहिल्या वर्षाच्या पोराने घ्यायचा. बंधपत्राचं मात्र अर्धंच खरं आहे. माझ्या बॅचचे काही जण नेमणुकीच्या आदेशाची वाट बघत महिनोन् महिने घरी बसले होते. पद रिक्त, माणूस तयार, आदेश नाही. क्वार्टरचं म्हणाल तर माझ्या मैत्रिणीला मिळालेल्या क्वार्टरच्या बाथरूमला दार नव्हतं.

नांदेडी_भाकर

धाग्यात कुणीतरी नांदेड काढेल म्हणून वाट बघत होतो. भांडारपाल काकांनी नुसतं नाव घेतलं.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३. विष्णुपुरीच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू, त्यातली १२ नवजात बाळं. ५०० खाटांच्या रुग्णालयात त्याहून कितीतरी जास्त पेशंट. बरेचसे अखेरच्या अवस्थेत बाहेरून पाठवलेले, दसऱ्या-दिवाळीआधी खासगीवाल्यांनी हात वर केलेले. आमच्याकडे आदिलाबाद, निजामाबादकडूनही माणसं येतात. त्यानंतर आमच्या भागातल्या एका खासदारांनी येऊन काय केलं? डीनच्या हातात ब्रश देऊन त्यांना टॉयलेट साफ करायला लावलं, कॅमेऱ्यासमोर. सगळ्या देशाने बघितलं. टॉयलेट घाण होतं हे खरंच. पण सफाई कामगारांच्या रिकाम्या जागा डीन भरतो का? डीनच्या हाती तेवढं असतं तर मुंबईला एवढ्या फायली कशाला गेल्या असत्या? हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा कुठं रिक्त पदं आणि औषधखरेदीवर सरकारला लेखी उत्तरं द्यावी लागली.

त्याच वर्षी ऑगस्टात कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात १८ गेले. तिकडे ठाण्याचं सिव्हिल नव्या इमारतीसाठी हलवलेलं, तो भार कळव्यावर येणार हे कुणाला आधी कळलं नसेल का?

मला या धाग्याच्या नावातला 'राग' शब्द पटतो. आमच्या गल्लीतलं एक बाळ त्या यादीत होतं. त्याच्या बापाला अजून माहीत नाही की रागवायचं कुणावर. तो रुग्णालयावरून जाताना रस्ता बदलतो.

वाचनमात्र_वैशाली

🙏 भंडाऱ्याची आग पण आठवली. जानेवारी २०२१, दहा बाळं.

कुडाळचो_झिल

आमच्याकडची तऱ्हा वेगळीच आसा. सिंधुदुर्गातल्या माणसाक काय झाला की पयलो शब्द 'बांबोळी'. म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. आता मराठीत लिवतंय, नायतर पुणेकर अर्थ विचारत बसतले.

पिढ्यान् पिढ्या आम्ही सीमा ओलांडून गोव्यात उपचार घेतले, फुकट. २०१८ च्या जानेवारीपासून गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. दोडामार्गात केवढं आंदोलन झालं! गोव्याच्या मंत्र्याला शिव्या घातल्या सगळ्यांनी. पण गोव्याने त्यांच्या तिजोरीतून आमच्यासाठी किती वर्षं करायचं? आमच्या जिल्ह्यात न्यूरोसर्जन नाही, हा गोव्याचा गुन्हा काय? आता ओरोसला मेडिकल कॉलेज झालंय, तरी महामार्गावर अपघात झाला की गाडी दक्षिणेलाच वळते.

आणि तिकडे सगळं गोड आहे असंही नाही. जून २०२५ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी त्याच बांबोळीच्या कॅज्युअल्टीत जाऊन ड्युटीवरच्या डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर झापलं, निलंबित करा म्हणाले. कशावरून? बी-१२ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन कॅज्युअल्टीत दिलं नाही म्हणून. डॉक्टर एकत्र आले, मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही असं जाहीर केलं, मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. बी-१२ हो! कॅज्युअल्टीत! नांदेडचा ब्रश आणि गोव्याचा कॅमेरा, दोन्हीकडे नाटक तेच.

खडूस_काका

मंत्र्यांनी रुग्णालयात जाऊच नये असं म्हणणं आहे का? गेले तर नाटक, नाही गेले तर बेफिकीर.

कुडाळचो_झिल

जावं की. जाताना अर्थखात्याच्या माणसाला घेऊन जावं, कॅमेरावाल्याऐवजी.

टपरीवरचा_चहा

😂😂 घरी फ्रेम करून लावतो.

आशेची_ताई

मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशांच्या कामावर देखरेख करते. माझ्याकडे वीसेक आशा आहेत. सगळे नर्स-डॉक्टरांवर बोलले, आमचं कुणी नाव घेतलं नाही म्हणून लिहिते.

आम्ही २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आझाद मैदानावर बसलो होतो. गावात कुणाला कळलंसुद्धा नाही की संप आहे, कारण आम्ही गेलो तर ओपीडी बंद पडत नाही. फक्त गरोदर बाईची नोंद राहून जाते, बाळाचा डोस चुकतो, टीबीचा पेशंट गोळ्या सोडतो. ते सहा महिन्यांनी दवाखान्यात गर्दी होऊन दिसतं. शेवटी आशांना पाच हजारांची वाढ मिळाली. आम्हा गटप्रवर्तकांना तेव्हा त्या मानाने फारच थोडी. आम्हाला पगार नाही, 'मोबदला' म्हणतात, कर्मचारी नाही, 'स्वयंसेविका' म्हणतात. काका, आमच्यावर मेस्मा लावायचा असेल तर आधी कर्मचारी म्हणा. आनंदाने लावून घेऊ.

डिंकाचा_लाडू

ताई __/\__

लिव्हरपूलची_मावशी

इंग्लंडमध्ये नर्स आहे, त्याआधी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात होते. 'परदेशात सगळं छान' असं सांगायला आले नाहीये. इथंही कॅज्युअल्टीतल्या पेशंटचं चार तासांत काय ते ठरवायचं लक्ष्य आहे, आणि ते पाळलं गेल्याला बरीच वर्षं झाली. म्हातारी माणसं कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर रात्र काढतात. २०२३ पासून डॉक्टरांचे संपावर संप. जानेवारी २०२४ चा तर सलग सहा दिवसांचा होता.

फरक एकच बघितला. त्या संपांना चौदा दिवस आधी लेखी नोटीस लागायची. त्या दिवसांत कुठला वॉर्ड कोण सांभाळणार ते ठरायचं, कन्सल्टंट खाली उतरायचे, आणि ज्यांची ऑपरेशनं पुढे जाणार त्यांना फोन किंवा पत्र जायचं. भरती होऊन फिटनेस मिळालेल्या माणसाला सकाळी 'घरी जा' असं ऐकावं लागणं अगदी क्वचित. गोदाकाठ, तुमच्याकडच्या संपाचीही तारीख आधी जाहीर झाली असणार ना? मग तुमच्या वडिलांना आदल्या दिवशी भरती करून कुणी घेतलं?

रात्रपाळी

मावशी, नेमकं बोललात. संघटनेने तारखा आधीच दिल्या होत्या. १५ आणि १६ जुलैला मैदानात धरणं, १७ ला एक दिवस काम बंद, तरी दखल नाही घेतली तर १८ पासून बेमुदत. हे पेपरात होतं. पण वर सगळ्यांना वाटत होतं मिटेल, म्हणून ऑपरेशनची यादी कुणी थांबवली नाही. शेवटी नर्सिंग कॉलेजच्या मुलींना आणून वॉर्डात उभं केलं. पोरी रडकुंडीला आलेल्या. माझ्या वॉर्डातली एक मला फोन करून विचारत होती, 'मॅडम, फ्रीजची किल्ली कुठं असते?'

खडूस_काका

मावशींचा मुद्दा मला पटण्यासारखा आहे. नोटीस, किमान सेवा किती चालू ठेवायची ते आधीच लेखी, आणि पेशंटला फोन. एवढं असेल तर माझा विरोध थोडा कमी. पण मग दुसऱ्या बाजूलाही मुदत हवी. अमुक दिवसांत चर्चेला बसला नाहीत तर सचिवाचा पगार बंद. बघू कोण तयार होतं.

आणि इतका वेळ सगळे 'जाब विचारा, जाब विचारा' करताय. म्हाताऱ्या माणसाने नक्की काय करायचं? मी निवृत्त आहे, वेळ आहे, भांडायची हौस आहे हे आपण जाणताच.

निवृत्त_भांडारपाल

काका, तुमच्यासारखीच माणसं पाहिजेत. माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. विचारायचं एवढंच : 'या रुग्णालयातील संवर्गनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे आणि प्रत्येक रिक्त पद केव्हापासून रिक्त आहे.' 'का रिक्त आहे' असं विचारू नका, कारण विचारलं की उत्तर येत नाही. तीस दिवसांत नाही आलं तर पहिलं अपील. ते उत्तर हातात आलं की आमदारांकडे जा आणि विधिमंडळात तारांकित प्रश्न टाका म्हणा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीचं इतिवृत्तही मागा. कुठे कुठे ती बैठक कागदावरच होते.

खडूस_काका

'केव्हापासून' हे आवडलं. उद्या स्टॅम्प आणतो.

सदाशिवपेठी_शंका

भांडारपाल, पदं भरायची तर पैसे लागतात, तेही मागा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा असं लिहिलंय, तेही २०२० पर्यंत. आपण त्याच्या जवळपासही नाही. आणि निवडणुकीत हा आकडा मागणारा एक माणूस मला भेटलेला नाही. आपण मागतो गल्लीत काँक्रीट.

पिंपळपार

खासगी विमा काढा आणि सुटा. मी तेच केलं.

संत्रानगरी_एक्सप्रेस

आमच्या तालुक्यात भूलतज्ज्ञ खासगीतही नाही दादा. विमा कंपनी देते का पाठवून?

गोदाकाठचा_गडी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. सगळे प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. 'चौदा खाली' ऐकून म्हणाले, मग मी 'लिफ्टजवळ' असणार रजिस्टरात.

रात्रपाळी ताई, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून पूर्ण मिळालेलं नाही. संपाचा हक्क असावा इथपर्यंत आलोय. पण आमची तारीख गेली ती गेलीच, आणि ती कुणाच्या हिशोबात नाही, ना संघटनेच्या ना सरकारच्या. मावशी म्हणतात तसा एक फोन आला असता तरी भाड्याच्या गाडीचे पैसे वाचले असते.

वडिलांचं ऑपरेशन अजून व्हायचंय. त्रास वाढलाय. आता कुणीतरी म्हणालं महात्मा फुले योजनेतून दुसरीकडे करून घ्या. आमचं रेशनकार्ड पांढरं आहे, त्यामुळे बसत नाही असं गावात सांगतात. खरं काय?

आशेची_ताई

दादा, ती जुनी अट. २०२३ ला निर्णय झाला, आता पांढरं कार्डही चालतं आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाख केलीय. पण काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखीव असतात, ती खासगीत योजनेतून होत नाहीत. तुमच्या वडिलांचं कशात येतं ते आधी विचारा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, नाहीतर १५५३८८ ला फोन करा. आणि फार दुखायला लागलं, फुगलेला भाग आत जाईना किंवा उलट्या सुरू झाल्या तर योजना-बिजना बघत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीला न्या. इमर्जन्सी संपातही घेतात.

उपाशी_रेसिडेंट

ताईंच्या शेवटच्या दोन वाक्यांना डॉक्टर म्हणून अनुमोदन. अजिबात थांबू नका तेव्हा.

गोदाकाठचा_गडी (धागाकर्ता)

सोमवारी जातो. आरोग्यमित्र किती वाजता भेटतो?

रात्रपाळी

ओपीडीच्या वेळेत. नऊच्या आत पोचा, केसपेपरची रांग वेगळी लागते. आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स गावातूनच काढून न्या, दोन-दोन प्रती. जुने सगळे रिपोर्ट बरोबर ठेवा, फिटनेसचा कागदसुद्धा. आणि वडिलांना उपाशी नेऊ नका, नंबर दुपारी लागतो.